स्वयंपाकघरातलं पाव्हणं

"भाऊजी, घोंगड्यातनं बाहेर या बघू आधी. दूध उतू चाललंय आणि तुमचं डोकं मधी येतंय."

घोंगडं जरासं हललं. आतून आवाज आला, "वैनी, दोनच मिनिटं. आत्ता कुठं उजेड द्यायला लागलंय."

"दूध गेलं तर मी तुमच्या डोळ्यांपुढं काजवे चमकवीन. तो उजेड बघा मग निवांत."

दूध गेलंच. ओट्यावरून ओघळलं, घोंगड्यावर सांडलं, तरी आतला माणूस आपला "उजेड कर, आनी जरा, आनी जरा" म्हणत तसाच बसून. मी फडकं घेऊन ओटा पुसला, वाकून घोंगडं पुसलं आणि पुसता पुसता त्या घोंगड्याला दोन धपाटेही घातले. आत कुणाला लागलं असेल तर लागो, असं मला मनापासून वाटलं.

माझ्या पायाशी घोंगडं पांघरून बसलेला हा माणूस डॉक्टर होता. गोळ्या-औषधाचा नव्हे, पदार्थविज्ञानाचा. डॉ. मल्लिकार्जुन शेटे, पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत नोकरीला, परदेशात जाऊन आलेला, आणि नात्यानं माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन कुरुंदवाडात आले तेव्हा हे चौथी-पाचवीत होते. गणित सोडवायला बसले की नाक पुसायचंही भान नसायचं, ते काम माझ्याकडे असायचं. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे यांचा डबा, आजारपण, परीक्षेच्या आधीचं रडणं सगळं मीच निभावलं. एवढं शिकून हा माणूस शेवटी माझ्याच ओट्याखाली येऊन बसेल, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी गणिताचं पुस्तक चुलीत घातलं असतं.

घोंगड्यात त्यांच्याबरोबर एक दगड होता. भोपळ्याएवढा, करड्या रंगाचा, एका बाजूनं जरा निमुळता. आदल्या वर्षी पुराचं पाणी ओसरलं तेव्हा नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, सापडलेला. मळीचा मालक आमच्या ह्यांचं गिऱ्हाईक. दिवसभर उन्हात पडूनही दगड गारच राहतो म्हणून गंमत दाखवायला त्यानं तो आमच्या कापडदुकानात आणला. भाऊजी नेमके दिवाळीला आलेले. त्यांनी दगडाला हात लावला, मग थर्मामीटर लावला, मग कान लावला, आणि त्यांची पुण्याची गाडी चुकली ती चुकलीच. पुढची दिवाळी आली तरी ते इथेच.

"वैनी, हे यंत्र हाय," ते मला म्हणाले होते. "आपल्या पृथ्वीवरचं न्हवं. कुणीतरी पाठवलंय."

"कुणी?"

"तेच तर शोधायचंय."

"म्हणजे पत्ता नसलेलं पार्सल. आणि सोडवून घेतलं आपण."

पहिले काही महिने ते दगड घेऊन माडीवर होते. लोहचुंबक झाले, विजेचे झटके झाले, सूर काढायच्या नादकाट्यांचे नाना आवाज झाले. एकदा घरातला फ्यूज उडाला, एकदा शेजारच्या म्हातारीचा रेडिओ कानडी बोलायचा बंद झाला आणि ती आठवडाभर आमच्याशी बोलली नाही. दगड होता तसाच. मग एके दिवशी भाऊजी जिन्यावरून धावत खाली आले. डोळे असे, जणू पहिला नंबर आलाय.

"वैनी, माझं चुकत होतं! ते झटक्यांनी बोलणारच न्हाई. ते ऐकतंय. तान्हं पोर कसं वर्षभर नुसतं ऐकतं आणि मग एकदम बोलाय लागतं? तसं. त्याला बोलणं ऐकवायला पायजे."

"मग ऐकवा की. माडी तुमचीच हाय."

"माडीवर मी एकटा. घरातलं सगळं बोलणं स्वयंपाकघरात चालतंय."

"म्हणजे मी बडबडी?"

"वैनी, तुमच्याएवढं मराठी या घरात दुसरं कुणी बोलतच न्हाई," ते म्हणाले. हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं, असं ते पुढं कितीतरी दिवस मला समजावत होते.

असा तो दगड माझ्या ओट्याखाली आला. मी त्याला पाव्हणं म्हणायला लागले. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की त्याला पाव्हणंच म्हणतात, पण पाव्हण्यानंही काही रीत पाळावी. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. आमच्या पाव्हण्याला वर्ष होत आलं आणि अक्कल गेली ती माझ्या दिराची. पीठ घ्यायला वाकावं तर पाव्हणं, पाट्यावर चटणी वाटावी तर कोपराशी पाव्हणं. हात आपटून आपटून काकणांचा नुसता चट्टामट्टा. "वाढवली बघा आणखी एक बांगडी तुमच्या पाव्हण्यानं!" असं ओरडून मी दिवसाची सुरुवात करायची. रात्री ह्यांची वाट बघत "अजून दुकान वाढवलं न्हाई का हो ह्यांनी?" असं पुटपुटत दिवस संपवायची. मधल्या वेळात मी काय काय बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण तेही सगळं त्या दगडानं ऐकलं.

भाऊजींचं म्हणणं असं, की आता तो शब्द ओळखतो. उजेड कर म्हटलं की आतून निळसर उजेड देतो, आनी जरा म्हटलं की आनी जरा देतो. उजेड फार मंद, म्हणून घोंगडं. एकदा त्यांनी मलाही आत ओढलं. आत मेंढराचा वास, घाम आणि अंधार.

"दिसलं?"

"दिसला की."

"काय दिसलं?"

"अंधार."

आमचे हे, म्हणजे गुरुपादप्पा शेटे, मोठे भाऊ. तेही आत जाऊन आले. बाहेर येऊन म्हणाले, "थोडं निळं निळं वाटतंय खरं." पण ह्यांचं काय घेऊन बसायचं? जन्मभर गिऱ्हाइकाला 'हा रंग तुम्हाला खुलतो' सांगत आलेला माणूस.

"दगड हाय तो भाऊजी," मी सांगायची. "नदीचा दगड. देवानं तुम्हाला डोकं दिलं, ते दगडावर कशाला आपटताय?"

भाऊजी हसायचे आणि लिंबू मागायचे. लिंबाचं काय करायचे कोण जाणे.

हसण्यावारी न्यायचं एवढ्यासाठी नव्हतं, की संस्थेचा धीर संपला होता. तिथले प्रमुख, आजगावकरसाहेब, भला माणूस. त्यांनी दुकानात फोन करून ह्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. रविवारी ते स्वतः येणार, बरोबर दगडांचे जाणकार म्हात्रे म्हणून. भाऊजींनी दगडाची करामत दाखवली आणि ती पटली, तर संशोधन सुरू, माणसं, खोल्या, जे हवं ते मिळेल. नाही पटली, तर वर्षभर मनाची तब्येत बरी नव्हती असं लिहून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी जुन्या कामावर हजर व्हायचं. दोन्हीतलं काही नाही झालं, तर नोकरी संपली.

"मी तसं लिहून देणार न्हाई," भाऊजी म्हणाले. "माझी तब्येत बरी हाय."

"तीन दिवस तुमी आंघोळ केली न्हाई," मी म्हटलं.

"पाण्यानं ते बिथरतंय."

मला दगडाचं काही पडलेलं नव्हतं. तो आकाशातून आला काय आणि पाताळातून आला काय. मला माझा दीर माणसात आलेला बघायचा होता. चाळिशी जवळ आली, लग्न नाही, मित्रांनी पत्रं लिहायचं सोडलं, बाजारातून गेले की पोरं पाठीमागून 'उजेड कर, उजेड कर' ओरडायची. ते ऐकून मी एकदा चप्पल घेऊन धावले होते. घरात मी त्यांना हवं ते बोलेन, पण रस्त्यावरच्यांनी? जमायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मल्लू, साहेबलोकांपुढं जरा शुद्ध बोल बाबा. आनी जरा, आनी जरा काय? शेंगा मागितल्यागत वाटतंय."

भाऊजींनी मान डोलावली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत बसले. परीक्षेच्या आदल्या दिवशीसारखेच दिसत होते. मी त्यांना गरम दूध दिलं. ते त्यांनी दगडाशेजारी ठेवलं आणि विसरले.

रविवारी मी पहाटेच पुरण शिजायला टाकलं. दगड काहीही असो, येणारी माणसं जेवून जाणार होती. हे सकाळी तासभर दुकानात गेले आणि नारळ घेऊन परत आले.

"दुकान वाढवूनच आलो," ते म्हणाले. "आज आपलं सगळं ध्यान इकडं. दे गं ताटली, नारळ वाढवतो."

"आण्णा, हे विज्ञान हाय," भाऊजी कळवळले. "नारळ कशाला?"

"विज्ञानाला नारळ चालत न्हाई असं कुठं लिहिलंय? शुभ काम हाय. वैनीच्या हातचं पुरण चालतंय, मग माझा नारळ का न्हाई?"

"वाढवा हो तुमी, त्यांचं काय ऐकताय," मी म्हटलं. मला वाद नको होता, मला पोळ्या लाटायच्या होत्या. ह्यांनी पाट्याच्या कडेवर नारळ आपटला. नीट मधोमध, दोन सारखी शकलं. पाणी वाटीत धरलं, दोन्ही शकलं तोंड वर करून ताटलीत शेजारी शेजारी ठेवली आणि ताटली दगडापुढं सरकवली. वर दगडाला विभूतीही लावली. म्हटलं झालं, आजपासून पाव्हण्याची पूजाही माझ्याच गळ्यात.

जीप आली. आजगावकरसाहेब उंच, पांढऱ्या केसांचे, बोलायला मऊ. म्हात्रे बुटके, सतत कुठलातरी दगड हातात असल्यासारखी बोटं चोळणारे. प्रयोगशाळा दाखवा म्हटल्यावर भाऊजींनी त्यांना माझ्या स्वयंपाकघरात आणलं. साहेबांनी तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, विभूतीकडे बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"इथे?" साहेब म्हणाले.

"इथेच, सर. त्याची भाषा इथे तयार झाली आहे." भाऊजी असं शुद्ध बोलायला लागले की मला ते आमच्या घरातले वाटेनासेच व्हायचे.

खिडकीवर घोंगडं टांगलं. गॅस बंद करायला लावला. अंधार झाला. उजेड मोजायचं एक छोटं यंत्र होतं, त्याच्या काट्यावर म्हात्रेंनी बारीक बॅटरी धरली. मी दाराशी, हातात लाटणं. हे माझ्या मागे.

"उजेड कर," भाऊजी म्हणाले.

काटा किंचित थरथरला.

"हलला," साहेब म्हणाले.

"जीप उभी आहे बाहेर, इंजिन चालू असेल," म्हात्रे म्हणाले. "कंपनं."

"इंजिन बंद आहे, सर."

"मग बॅटरीचाच उजेड उलटून यंत्रात जात असेल. काट्याच्या एवढ्याशा थरथरीवर काय बोलणार?"

साहेबांनी सुस्कारा टाकला. "शेटे, मला तुमच्या बाजूनं उभं राहायचंय. खरंच राहायचंय. पण एवढ्यानं नाही व्हायचं. डोळ्यांना दिसेल असं काही आहे का?"

आहे की, मला वाटलं, म्हणा की भाऊजी 'आनी जरा', काय होतंय ते एकदाचं होऊ दे. भाऊजींनी कपाळ पुसलं, पाठ ताठ केली. मला अंधारातही कळलं, की आता ते वर्गात उभे आहेत.

"प्रकाश," ते म्हणाले, आणि थांबले. मग मोठ्यानं, स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं, "वाढव."

काही झालं नाही. काटासुद्धा हलला नाही. बाहेर कोंबडा ओरडला.

"वाढव," भाऊजी पुन्हा म्हणाले.

टक् असा आवाज आला. छोटाच. दगडाच्या मध्यावर बारीक फट पडली आणि त्या फटीतून निळा उजेड आला. असा, की समोरच्या भिंतीवर माझ्या झाऱ्या-पळ्यांच्या सावल्या उमटल्या. साहेबांचं तोंड उघडं राहिलेलं मला दिसलं. मग उजेड गेला. म्हात्रेंनी चाचपडत भिंतीवरचं बटण दाबलं आणि दिवा लागला.

दगडाची दोन शकलं झाली होती.

"अरे अरे," म्हात्रे पुढे झाले. वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखा झाला. "पोकळ आहे. आत स्फटिक. आपल्या दख्खनच्या पठारावर असे दगड पोत्यानं मिळतात. म्हणून गार. शेजारी शेगडी, महिनोन्महिने तापणं आणि निवणं, आज तडकला. गारगोट्या एकमेकींवर घासल्या की अंधारात चमक दिसते, पोरं खेळतात, तीच ही चमक."

सगळं कसं सरळ होतं. मी वर्षभर हेच तर म्हणत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी खाली बघत होते. दगड तडकला तर त्याचे तुकडे कसेही पडतात, एक इकडे, एक तिकडे, उपडा, कलता. ही दोन्ही शकलं तोंड वर करून, शेजारी शेजारी, एका ओळीत होती. आणि त्यांच्यासमोर ताटलीत ह्यांनी सकाळी ठेवलेला नारळ होता, तोंड वर करून, शेजारी शेजारी.

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं.

आमच्यात फुटलं, मोडलं, बंद केलं असं तोंडानं म्हणत नाहीत. शुभ बोलावं. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि जे खरोखरच जास्त करायचं, त्याला माझ्या घरात कुणी वाढव म्हणत नाही. गॅस मोठा करा म्हणतात, रेडिओ मोठा करा म्हणतात, भात आनी जरा घ्या म्हणतात. ओट्याखाली बसून त्या पाव्हण्यानं कितीतरी महिने हे ऐकलं होतं. आणि आज एका शिकलेल्या माणसानं त्याला पुस्तकातल्या आवाजात सांगितलं, वाढव. पाव्हण्याला मराठी येत होतं. पुस्तकातलं नव्हे, माझं.

साहेबांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला होता. "शेटे, वाईट वाटून घेऊ नका."

भाऊजी साहेबांकडे बघत नव्हते. ते ताटलीकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला.

"दगडच होता, सर," ते म्हणाले.

"काय?" मी ओरडले. "अहो भाऊजी, न्हाई! त्यानं तुमचं..."

"वैनी." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी दटावलं नव्हतं, तेव्हा दटावलं. "पानं घ्या. साहेबांना भूक लागली असंल."

डोकं भिंतीवर आपटून घ्यावं असं झालं मला. वर्षभर मी घसा फोडून दगड म्हणत होते तेव्हा हा माणूस ऐकत नव्हता. आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा मला पटलं, तर हा म्हणतो दगड! पण पाहुण्यांसमोर तमाशा करायचा कसा? मी पानं घेतली. पोळ्या झाल्या, तूप झालं, कटाची आमटी झाली. वाढू का, असं मी कुणाला विचारलंच नाही. तो शब्द तोंडात घ्यायची हिंमत होईना, नुसती पोळी ताटात टाकत गेले. म्हात्रे मिटक्या मारत होते. ह्यांच्या तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता, भाऊ परत नोकरीवर जाणार म्हणून. जेवण झाल्यावर साहेबांनी पिशवीतून कागद काढला. वर्षभर मनाची तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे, असं भाऊजींनी त्याच ताटाशेजारी लिहून सही केली.

"उद्या या," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हटलं ना, भला माणूस.

जीप गेली. हे पेढे आणायला बाजारात गेले. मी स्वयंपाकघरात शिरले ती पदर खोचूनच.

भाऊजी ओट्याखाली बसले होते. दोन्ही शकलं मांडीवर घेऊन एकमेकांना जुळवून धरली होती.

"भाऊजी, मला खुळी समजता? मी बघितलंय. तुमी वाढव म्हटला आणि ते नारळासारखं..."

"हळू बोला."

"का हळू? वर्षभर माझं घर डोक्यावर घेतलंत, माझं दूध घालवलंत, काकणं घालवलीत, आणि मला पटलं त्या दिवशी तुमी सही करून मोकळे? जीप अजून नाक्यावर असंल. चला उठा. मी येते, मी सांगते साहेबांना. त्यांना म्हणू दे मला पण खुळी. आपण दोघं खुळी."

"वैनी, मला कळलंय." ते खालीच बघत होते. "तुमच्या आधी कळलं. ताटली बघितली तेव्हाच."

मी खोचलेला पदर सोडला.

"एक शब्द चुकला न्हाई त्याचा," ते म्हणाले. "मीच शब्द चुकलो. आणि मी एकदा म्हटलं तेव्हा त्यानं केलं न्हाई. आठवतंय? थांबलं होतं ते. मी खरंच असं सांगतोय का, याचा विचार करत असंल. मी परत म्हटलं."

मला आठवलं. कोंबडा ओरडला होता तेवढा वेळ.

"दगड असंल तर माझं एक वर्ष वाया गेलं," भाऊजी म्हणाले. "वर्षाचं काय, ते भरून काढता येतंय. पण दगड नसंल, तर वैनी, मग मी काय केलं?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी खाली बसले. त्यांच्या हातातून ती शकलं काढून घेतली. ती गार नव्हती. कुठल्याही साध्या दगडासारखी कोमट होती. भाऊजींनी डोकं माझ्या खांद्याला टेकलं, चौथी-पाचवीतल्यासारखं, आणि मला त्यांची फार माया आली.

"दगड होता म्हणा, वैनी," ते म्हणाले. "तुमीच म्हणायच्या की सारखं. म्हणा."

जीभ उचलत नव्हती. पण म्हटलं.

"दगडच होता, भाऊजी."

"परत म्हणा."

"दगड होता. नदीचा दगड."

हे पेढे घेऊन येईपर्यंत मी तेच म्हणत राहिले. त्यांना ते पटलं नाही, आणि मला तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं भाऊजी पुण्याला कामावर गेले.